आत्याच्या गुडघ्यांसाठी

रेल्वेच्या तिकिटाला पॅन कार्ड लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी आत्याकडून तिचं पॅन कार्ड मागून आणलं. पप्पा म्हणाले होते, "हॉटेलवाले मागत्यात आजकाल," आणि मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. ते मला लहानपणापासून जमत नाही.

आम्ही पुण्याजवळच्या भुकूमचे. घरामागच्या शेतात आता खोल्या आहेत आणि त्यात हिंजवडीला कामाला जाणारी मुलंमुली भाड्याने राहतात. त्यांचे करार इंग्रजीत असतात. ते मी वाचते. बँकेचं पत्र, कंपनीचा ईमेल, गाडीच्या विम्याचा कागद, सगळं माझ्याकडे येतं. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा पप्पा गावात सांगत फिरले होते, की आता आपल्या घरात कागद वाचणारं माणूस तयार होणार. ते अर्धंच खरं झालं. इंग्रजी कागद माझ्याकडे यायचे आणि मराठी कागद पप्पांच्या कपाटात जायचे. सरकारी मराठीचा कागद समोर आला की मी तिसऱ्या ओळीपर्यंतच दमायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजी फडाफडा वाचणाऱ्या मुलीला मराठी काय अवघड, असं सगळे धरून चालले होते आणि मी त्यांना तसं धरू दिलं होतं.

सहलीची कल्पना मात्र माझी. चार नंबरच्या खोलीत हिमाचलची एक मुलगी राहायची. तिने मला फोनवर मणिकरणचे फोटो दाखवले होते. डोंगरात नदीच्या काठाला जमिनीतून उकळतं पाणी येतं आणि लोक फडक्यात तांदूळ बांधून त्यात सोडतात. शिजला की वर ओढून घेतात. मार्चमध्ये जेवताना मी हे घरात सांगितलं. मी जेवताना फारसं बोलत नाही, म्हणून सगळे थांबून ऐकत होते. पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाऊ की. आन् यंदा आक्काला बी न्यायचं. तिच्या गुडघ्यांना बरं."

मला इतका आनंद झाला की मी पान अर्धं टाकून उठले.

पप्पांची आक्का म्हणजे माझी आत्या. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, जवळच्याच भरे गावात दिलेली. आतोबा गेल्यापासून घरात ती आणि शिफ्टला जाणारा तिचा मुलगा, दोघंच. मी लहान असताना ती सुट्टीत यायची आणि माझे केस विंचरायची. न बोलणाऱ्या माणसाशी कसं वागावं हे तिला कळायचं. ती मला काही विचारायची नाही, नुसतं सांगत राहायची.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून वही घेऊन भऱ्याला गेले. वहीत तीन गावं लिहिली होती. तत्तापाणी, मणिकरण, वशिष्ठ. प्रत्येकासमोर तिथे कसं पोहोचायचं, किती पायऱ्या, बसायला कठडा आहे का.

"तांदूळ शिजतो? बिनचुलीचा?" आत्याने तीनदा विचारलं.

"हो. डाळपण."

"मग तितल्या बायका काय करत्यात दिसभर?"

मग तिला एकदम आठवलं. "पर मे म्हयन्यात गरम पान्यात कशाला जायाचं गं? हितं काय कमी उकडतंय?"

"तिकडे थंडी असते आत्या. स्वेटर लागेल."

"सोटर!" ती हसायला लागली. "ह्या वयात तुझ्या बापानं मला सोटर घालून नाचवायचं ठरवलंय जनू." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "बायकांचं येगळं हाय न्हवं? आन् पातळावरच उतरायचं ना?"

वशिष्ठला बायकांचं कुंड वेगळं आहे, हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. तिला दाखवलं. ती अक्षरांवरून नुसतं बोट फिरवून म्हणाली, "तू वाचलंयस न्हवं, मग झालं."

आधार कार्ड, पॅन कार्ड, दोन फोटो. तिने डब्यातून काढून माझ्या हातात दिले. पिरंगुटला झेरॉक्स काढल्या. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, की कुठल्याही झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहायचं, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नाही. मी प्रत्येकीवर इंग्रजीत लिहिलं, फक्त सहलीच्या बुकिंगसाठी. खाली तारीख टाकली.

पप्पांनी त्या बघितल्या आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. "हे काय चितारून ठिवलंस? कोऱ्या आन."

मी कोऱ्या आणल्या. ते म्हणाले, सहलीची फाईल माझ्याकडं राहू दे. तीही दिली, निळी प्लास्टिकची, जिच्यावर मी स्केचपेनने डोंगर काढला होता.

तिकिटं तेवढी निघत नव्हती. मी रोज ॲप उघडून बघायचे, वेटिंग वाढत चाललं होतं. पप्पा म्हणायचे, थांब, तारखा पक्क्या होऊ दे. एप्रिल निम्मा झाला. मग एका सकाळी म्हणाले, "आज पुन्याला जाऊ. आक्काला सोटर घिऊ. आधी पौडाला पाच मिन्टांचं काम हाय, तेवढं उरकू. तू बी चल."

मला वाटलं, स्वेटर निवडायला मी हवी आहे.

गाडीत आत्या पुढे बसली होती. नवं पातळ, डोक्याला तेल. भऱ्यापासून पौडपर्यंत ती बोलतच होती. पप्पांनी मध्येच सांगितलं, की सातबाऱ्यावर तात्यांच्या नावाची भानगड राहिलीय, ती दुरुस्त करायची, वारस म्हणून तुझी सही लागेल. तात्या म्हणजे माझे आजोबा. आत्या म्हणाली, "तात्या जाऊन किती वर्सं झाली, अजून त्यांचं नाव निगतंय व्हय? बरं बाबा, दिऊ सही."

पौडच्या नोंदणी ऑफिसबाहेर टपरीवजा दुकानात एक कागदपत्रं करणारा माणूस बसला होता. तो पप्पांना ओळखत होता. कागद आधीच तयार होते, दहाबारा पानं, आणि प्रत्येक पानाच्या खाली सहीसाठी पेन्सिलची फुली. त्याने मला बघून विचारलं, "ही साक्षीदार?" पप्पा म्हणाले, "व्हय. तिच्यासमोर आक्काबी निवांत ऱ्हाईल." हे ते माझ्यासमोरच म्हणाले. मी ऐकलं आणि त्यातही मला कौतुकच दिसलं.

साक्षीदाराचं काम इतकंच, की सही करणाऱ्या बाईला मी ओळखते असं लिहून द्यायचं. आत्याला मी ओळखते. याच्याइतकं खरं मी कुठल्याच कागदावर लिहिलं नसेल.

आत्याने पिशवी चाचपली. "चष्मा घरीच ऱ्हायला."

"नुसती सही तर करायची," पप्पा म्हणाले. "आत लाईन लागंल, आटप."

तिने पेन घेतलं. पहिल्या फुलीवर टेकवलं आणि उचललं. माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस का गं?"

मी वाचलं नव्हतं. म्हणजे पहिलं पान माझ्या हातात होतं आणि मी त्याच्यावर नजर ठेवून उभी होते. लिहून देणार, लिहून घेणार, सदर मिळकत, वडिलोपार्जित. शब्द सुटे सुटे कळत होते. त्यांचं मिळून काय होतं ते कळत नव्हतं. पप्पा माझ्याकडे बघत होते. तो कागदपत्रं करणारा बघत होता. इतक्या लोकांत मराठी कळलं नाही म्हणून सांगायची मला लाज वाटली. तेवढंच कारण होतं. आजही त्याला दुसरं कारण मला सापडत नाही.

"हो आत्या," मी म्हणाले.

तिने सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या. आत गेल्यावर कॅमेऱ्यासमोर बसवून तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. मग माझा. साहेबांनी तिला विचारलं, मान्य आहे का, राजीखुशीने देताय का. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग "व्हय" म्हणाली.

पुण्यात पप्पांनी तिला जांभळा स्वेटर घेतला. दुकानदाराला माळ्यावरून काढावा लागला. येताना गाडीत एसी होता, म्हणून आत्याने तो घातला आणि भऱ्यापर्यंत काढला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात पप्पा सहज म्हणाले, "औंदा तिकडं लई गर्दी हाय म्हनत्यात. दिवाळीला बघू." आत्याचे फोटो तरी परत द्यावेत म्हणून मी दुपारी कपाटातून निळी फाईल काढली. फोटो नव्हते. आत त्या दहाबारा पानांची प्रत होती, आणि त्यात आत्याच्या आणि माझ्या तोंडांचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो.

मी खोलीची कडी लावली आणि वाचायला बसले. अडेल तो शब्द फोनवर शोधत होते. एका पानाला अर्धा तास लागला. पण मग ते कळलं, आणि कळल्यावर ते अजिबात अवघड नव्हतं. रस्त्याकडेच्या आमच्या जमिनीत, जिथे हल्ली मोठ्या गाड्या थांबून लोक उतरून बघतात, आत्याचा निम्मा हिस्सा होता. तो तिने भावाच्या प्रेमापोटी, काहीही मोबदला न घेता, कायमचा सोडला होता. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. कागद वाचून व समजून सही केली, असंही त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, वळणदार, इंग्रजीत.

पप्पा अंगणात पाण्याची मोटार बघत होते. मी विचारलं, "आत्याला माहीत आहे?"

"काय?"

"तिने जमीन सोडलीय ते."

त्यांनी पान्ह्याने नट आवळला. "सही तिनं केली. तू हुतीस की तितं."

"तुम्ही सातबारा दुरुस्त करायचा म्हणालात."

"मग दुरुस्तच झालाय. हितं समदे असंच करत्यात. बहिनींची नावं ठिवून कुनाची जमीन ऱ्हायली? हे काय मी मसनात न्हेनार हाय? तुमा भावंडांसाठीच चाललंय. उद्या तुझ्या भावाला बी तू द्यायचीच हाईस लिहून."

"आणि सहल?"

"तुला सहलीचं पडलंय!" ते खरंच हसले.

आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिने मागे न बघता सांगितलं, "मी बी दिलंय लिहून माझ्या भावाला. पर मला मायती हुतं." भाकरी तव्यावर टाकली. "तुझ्या आत्यानं मागितलं असतं तर दिलं बी असतं. ह्यांनी इचारायलाच पायजे हुतं." एवढंच. पप्पांसमोर ती ते कधी म्हणाली नाही.

म्हणजे मार्चमध्ये जेवताना पप्पा थोडा वेळ गप्प बसले होते, तेव्हाच त्यांनी हे ठरवलं होतं. मी उकळत्या पाण्यातला भात सांगत होते आणि त्यांना पौडचा रस्ता दिसत होता. माझ्या वहीतली तीन गावं, पायऱ्या, कठडे, लाल शाई, या सगळ्याचा त्यांना उपयोग झाला होता. ते एकटे मागायला गेले असते तर आत्याने कागद दिले नसते. माझ्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी मी प्रत घेऊन भऱ्याला गेले. आत्या अंगणात शेंगा फोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, थांबले असते तर बोलता आलं नसतं म्हणून. ती शेंगा फोडत राहिली. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"तुझ्या बापाचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "त्यो पयल्यापासनं तसाच. त्यानं कागद फुडं केला तवाच माझ्या मनात आलं हुतं. म्हून तर तुला इचारलं."

मी खाली बघत होते.

"मी तुला इचारलं हुतं," ती पुन्हा म्हणाली.

मी तिला सांगितलं, की मला तो कागद कळला नव्हता आणि सांगायची लाज वाटली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने विचारलं, "आता काय करता येतंय?" मी म्हणाले, तलाठ्याकडे नोंद पक्की व्हायच्या आत हरकतीचा अर्ज देता येतो. पुढे काय होईल माहीत नाही. पप्पा घरात बोलतील, तुझं माहेर बंद करतील, माझंही काय करतील सांगता येत नाही.

"वही आनलीयस?"

वही होती. तीच. मी वशिष्ठच्या पानानंतरचं कोरं पान काढलं.

"लिही," ती म्हणाली आणि सांगत गेली. नाव, गाव, भावाने काय सांगून नेलं, चष्मा नव्हता. मी मराठीत लिहीत होते, शाळेत असताना काढायचे तशी एकेक अक्षर काढून. एका जागी ती थांबली. मग म्हणाली, "लिही, भाचीला इचारलं, वाचलंस का. तिनं व्हय म्हनलं. म्हून मी सही केली."

मी पेन धरून बसले.

"लिही की."

मी लिहिलं. तिच्या शब्दांत जसंच्या तसं लिहिलं, काही सौम्य केलं नाही. मग पान तिच्यासमोर धरून म्हणाले, "वाचून दाखवू?"

"नगं," आत्या म्हणाली. ती गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उठली, आत गेली आणि चष्मा घेऊन आली. फळीवरच्या पिशवीतून जांभळ्या बाहीचं टोक लोंबत होतं. तिने काचा पदराला पुसल्या, वही माझ्या हातातून घेतली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचायला लागली.