सगळं कायम

सोलापुरात आमच्या भगिनी-मंडळाची सभा वर्षातून एकदाच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून भरे. मंडळ मुलींसाठी शिवणाचा वर्ग चालवी आणि त्या वर्गाची शिक्षिका मी. सभेचा वृत्तांत लिहिण्याचं कामही माझ्याकडेच होतं. अक्षर चांगलं म्हणून, असं सांगत. खरं कारण निराळं. मी विधवा. हळदीकुंकवात माझं काही काम नाही, आणि कोपऱ्यात नुसतं बसवलं तर साऱ्यांनाच अवघडल्यासारखं होई. हातात वही-दौत दिली की बाई कामात दिसते.

सभेचा पहिला विषय ठरलेला : मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. मागची सभा म्हणजे गेल्या संक्रांतीची. तिच्यात कोण काय बोललं, कुणाला आठवणार? कोण कोणतं लुगडं नेसली होती ते मात्र सगळ्यांना आठवे आणि त्यावरून जुंपे. शेवटी अध्यक्षीणबाई विचारत, "कायम?" बायका म्हणत, "कायम, कायम."

दुसरा विषयही ठरलेला : हंगामी शिक्षिकेला कायम करणे. त्यावर दरवर्षी डॉक्टरीणबाई म्हणत, "घाई कशाला? पुढच्या सभेत बघू." म्हणजे वृत्तांत दरसाल कायम होई आणि तो लिहिणारी हंगामीच राही. मला भयंकर राग येई. पण राग काही वृत्तांतात लिहिता येत नाही.

त्या वर्षी संक्रांतीआधी दुधनीहून भाऊ येऊन बजावून गेला. "कायम झालीस तर ऱ्हा हितं. न्हाय तर सण झाला की सामान बांध. हंगामी नोकरीपायी भन परगावात ठिवली म्हनून लोक मला बोलत्यात की." दुधनीला गेले की भावजयीच्या चुलीपुढे जन्म जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. इथे माझी एक खोली होती. गिरणीच्या भोंग्याला उठून स्वतःपुरता चहा करायचा, एवढी चैन होती. ती मला सोडायची नव्हती.

सभेच्या दिवशी एक नवी नवरी आली होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्या दागिन्यांवर होते. शेंगापोळ्यांचा वास सुटला होता. मी दोन्ही विषय एका दमात वाचले. "एक, मागील वृत्तांत कायम करणे. दोन, शिक्षिकेस कायम करणे."

"अहो, सगळं कायम!" अध्यक्षीणबाई उठता उठता म्हणाल्या. "चला गं, कुंकू लावायला घ्या."

"कायम, कायम," म्हणत बायका उठल्या. डॉक्टरीणबाई तर केव्हाच नवरीजवळ पोचल्या होत्या.

मी इमानदार बाई. ऐकलं तसं लिहिलं : दोन्ही विषय सर्वानुमते कायम. भावालाही तसंच कळवलं. फक्त एवढं कळवलं नाही, की हे लिहिलेलं पुढच्या संक्रांतीला वाचून दाखवायचं आहे, आणि एकीनं जरी "असं ठरलंच नव्हतं" म्हटलं तर मला दुधनीची गाडी धरावी लागेल. वर्षभर मुलींना काजं करायला शिकवताना माझाच टाका चुके आणि मुली आपसांत तेलुगूत काहीतरी बोलून हसत.

संक्रांत आली. मी ती ओळ भरभर वाचली. "शिक्षिकेस सर्वानुमते कायम करण्यात आले."

मग डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"यात चूक आहे," त्या म्हणाल्या. "ठराव मी मांडला होता. माझं नाव कुठंय?"

"इश्श! मांडला मी," मामलेदारीणबाई उसळल्या. "तुम्ही नुसतं अनुमोदन दिलंत."

"तुमचं तर लक्ष त्या नवरीच्या तोड्यांवर होतं!"

बराच वेळ खडाजंगी चालली. शेवटी दोघी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. तुम्हाला आठवतं ना?"

"अगदी डोळ्यांपुढे आहे," मी म्हटलं. "दोघींनी मिळून मांडला."

दोघींची नावं घातली. अध्यक्षीणबाईंनी, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते," असं म्हणत सही ठोकली आणि वृत्तांत दुरुस्तीसह कायम झाला.

मग सगळ्या हळदीकुंकवाला उठल्या. मी कोपऱ्यात बसून शेंगापोळीचा तुकडा मोडला. हळदीकुंकू त्या कोपऱ्यापर्यंत त्याही वर्षी आलं नाही. पण तिथून उठवून मला दुधनीला आता कुणी नेणार नव्हतं.