हिरव्या रंगाखालची गिटार

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली. तेवढ्या काळात त्याने कुणाला दोन मजल्यांच्या मध्ये अडकू दिलं नाही, आणि गिटारचा विषय निघाला की मोठ्या बहिणीशी तो एकदाही खरं बोलला नाही.

गिटार ताईची. इलेक्ट्रिक. ताई हॉटेलात वाजवायची. मग तिला प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी लागली. तिथे वाद्यं जहाजाचीच, म्हणून आपली गिटार धाकट्याच्या हवाली करून ती गेली. "नीट सांभाळ," एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच महिन्यात त्याने फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग गिटारला दिला. मूळची बटणं काढून रेडिओची बसवली. तारांचा कंप पकडणारे दोन पिकअप होते, त्यातला एक बंद पडला, तो काढून ठेवला. आवाज भारदस्त व्हावा म्हणून तिसऱ्या पिकअपसाठी पटाशीने खोबण पाडली. तिसरा पिकअप काही मिळाला नाही. खोबण राहिली. वाजवायला तर त्याला कधीच जमलं नाही. गिटार माळ्यावर गेली.

चाळीस वर्षांत ताई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा गिटार 'दुरुस्तीला दिलेली' होती.

मग तिचा फोन आला. "तीन महिन्यांनी येतेय. आता इथेच राहीन म्हणते. गिटार आहे ना?"

"आहे."

"होती तशीच?"

"अगदी तशीच," तो म्हणाला, आणि फोन ठेवून शिडी शोधायला गेला.

बायकोने गिटारवरची धूळ फडक्याने पुसली. "ताई हिला ओळखायच्या नाहीत."

"आवाजावरून ओळखेल."

"वाजते?"

"नाही."

रंग उतरवायचं औषध त्याने आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं. हिरव्याबरोबर खालचं मूळ पॉलिशही विरघळायला लागलं. मग त्याने ब्लेड घेतलं. रोज सकाळी चहा झाला की खिडकीशी बसून हातभर नाही, बोटभर जागा खरवडायची. महिन्याभराने मधला मधासारखा रंग दिसू लागला, कडेला काळपट होत गेलेला. तो बराच वेळ नुसता बघत बसला.

"एवढा चांगला रंग होता," बायको म्हणाली. "कुठल्या गाढवाने..." आणि भाजी चिरायला निघून गेली.

जुना पिकअप स्क्रूंच्या डब्यात सापडला. केसाहून बारीक तार बाहेरच्या टोकाला तुटली होती. दोन वेढे सोडवून त्याने ती पुन्हा जोडली. लिफ्टच्या मोटारींच्या तारा गुंडाळण्यात आयुष्य गेलेलं, पहिल्याच फटक्यात जमलं. चार बटणांपैकी तीन त्याच डब्यात होती. चौथं स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणाला लावलेलं होतं.

"ते नाही मिळायचं," बायको म्हणाली. "वीस वर्षं तो खण नीट उघडतोय."

त्याने खणाला पितळेची मूठ बसवून दिली, तेव्हा मिळालं.

खोबण तेवढी राहिली. त्याने त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवला, घासला, रंग जुळवला. लांबून दिसत नव्हता. जवळून दिसत होता.

ताई आली. सामान दारातच ठेवून तिने गिटार मांडीवर घेतली, आणि पहिलं बोट बरोबर त्या तुकड्यावर ठेवलं.

"हे काय?"

त्याने तीन महिने उत्तर पाठ केलं होतं, दमट हवेने लाकूड खराब झालं असं. ते आठवलं नाही.

"मी पटाशी चालवली. रंगही दिला होता. हिरवा. फाटकाचा."

"कधी?"

"तू गेल्यावर दुसऱ्या महिन्यात."

"वर्षभर तरी थांबायचंस."

"तू परत येशील असं वाटलं नाही."

ताईने तारा जुळवल्या. शेवटची खुंटी पिळताना म्हणाली, "मलाही नव्हतं वाटलं."

मग तिने वाजवलं. बोटं आता वाकत नव्हती, दोन ठिकाणी सूर निसटला. त्याने तारा जरा खाली घेऊन दिल्या, म्हणजे कमी दाबाव्या लागतील. तो वाकला असताना तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात. त्याचे डोळे भरून आले. टपलीनेच, असं त्याने बायकोला सांगितलं.

आता ताई रोज सकाळी दोन तास वाजवते. परवा शेजारचे निवृत्त मास्तर दारात येऊन विचारत होते, हे असं किती दिवस चालणार?

"त्यांनाच विचारा," बायको म्हणाली आणि त्यांना आत घेतलं. मास्तर अकरा वाजेपर्यंत ऐकत बसले होते.