वेळ मिळाला तर

आम्हाला तुर्की शिकवणाऱ्या बाईंचा मला अजून राग येतो. बॉबलिंगेन या जर्मन गावातल्या संध्याकाळच्या वर्गात त्या अंगातला कोट न काढता शिकवत आणि मार्करचं टोपण टेबलावर आपटत. पुढच्या बेतांची जर-तरची वाक्यं आली तेव्हा त्यांनी बजावलं, "खोटे बेत नकोत. खरंच करणार असाल तेच बोला." एकजण म्हणाला, "ऊन पडलं तर पोहायला जाईन." बाईंनी ते वहीत टिपलं आणि पुढच्या आठवड्यात विचारलं, "ऊन होतं. गेलात?" वर्ग होता की पोलीस चौकी?

शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "प्रोजेक्ट संपला तर पुढच्या कोर्सला येईन." आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बाईंनी मात्र ऑफिसात आठवा विद्यार्थी म्हणून माझं नाव सांगितलं. कोर्सला आठजण लागतात. सातच आले आणि कोर्स रद्द झाला.

महिन्याभराने त्या बसस्टॉपवर भेटल्या.

"प्रोजेक्ट संपला?"

"संपला."

"मग?"

"अहो, आमच्याकडे नाही म्हणायची ही पद्धत आहे."

"सात माणसं दारातून परत गेली," त्या ओरडल्या. "त्यांना सांगा तुमची पद्धत!"

सगळा स्टॉप बघायला लागला. माझंही डोकं फिरलं. शब्दाला इतकं काय धरून बसायचं? तेवढ्यात बस आली. सुटका करून घ्यायला मी चढता चढता म्हणालो, "वेळ मिळाला तर भेटू."

बाई माझ्या पाठोपाठ चढल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

"कधी?"