उतरलेल्या खलाशाला विचारा

काशिराम कोळ्याने उरणच्या समुद्रात तीस वर्षं तांडेल म्हणून बोट हाकली. आता तो खांदा कॉलनीत लेकीकडे राहतो आणि बाजारातल्या एकूण एक पापलेटाला नावं ठेवतो.

लेकीचं नाव पूर्वी, ती इंजिनिअर. तिला खारघरच्या एका स्टार्टअपने ऑफर दिली होती. पगार आताच्यापेक्षा थोडा कमी, पण वर कंपनीचे शेअर्स. दोन दिवस ती कंपनीच्या मालकाला विचारून विचारून लॅपटॉपवर फायद्या-तोट्यांचा तक्ता मांडून बसली होती. तक्ता लांबत चालला होता, निर्णय काही होत नव्हता.

शेवटी काशिराम वैतागला. "मालकाला काय इचारतेस गो? माज्या बोटीला भोक हाय, असं कोन मालक सांगल? आमी नव्या बोटीवर चढायच्या आदी गेल्या साली उतरलेला खलाशी गाठायचो. त्याला खोटं बोलायची गरज नाय."

पूर्वीला पटलं. तिथली नोकरी सोडलेली मृण्मयी नावाची मुलगी तिने शोधून काढली आणि फोन स्पीकरवर लावला. काशिराम कान देऊन बसला.

"नवऱ्याची नाशिकला बदली झाली म्हणून सोडली," मृण्मयी म्हणाली. "काम मरणाचं असतं. मालक तापट आहे, पण काही बिघडलं की आधी स्वतःची चूक शोधतो. आता आम्ही पनवेलला परत आलोय. एक मिनिट, म्हणजे माझी जागा अजून रिकामी आहे?"

काशिरामने झडप घालून फोन बंद केला.

"बघत काय रायलीस? आदी हो कलव!"