मागनं येणारी पावलं
खाटेखालून बायकोचे कॅनव्हासचे बूट काढले, अन रबराच्या वासासरशी तळ्याकाठची ती सकाळ आठवली. सोलापुरात मोठी मॅरेथॉन झाली, ती बघून आमची सगळी गल्लीच पहाटे चालायला लागली. हीपण लुगड्याखाली बूट घालून निघाली. जन्मभर बसून बिड्या वळलेली बाई, पण झपाझप माझ्या पुढं गेली. कट्ट्यावरनं एकजण ओरडला, "काय मामा, मामी पुढं अन तुमी शेपटावानी मागं?" सगळे हसले. मी तिच्यावर खेकसलो, "बाईमाणसानं मागं राहावं की!" "अवो, पायच थांबत न्हाईत," म्हणत ती हसली, पण मागं झाली. मग रोज पाय आखडून माझ्या मागंच चालली. ती वारल्यावर मी एकटाच जातो. मागनं कुणा बाईची पावलं वाजली, की मान खाली घालून बाजूला सरतो.