परत न आलेल्या ओळी
वाळलेल्या हळदीचा वास आला की हिंगोलीच्या मोंढ्याजवळचं, म्हणजे शेतमालाच्या बाजाराजवळचं, आमचं कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. माझा भागीदार औंढ्याच्या रस्त्यावर अपघातात गेला आणि त्याने व्यापाऱ्यांच्या हिशेबासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा मूळ कोड असलेली हार्डडिस्कही त्याच्या पिशवीतच फुटली. उरला तो फक्त व्यापाऱ्यांकडचा तयार प्रोग्राम. तोही पुढे बंद पडला, आणि मूळ कोडशिवाय दुरुस्त करता येईना. अशा प्रोग्राममधून कोड परत काढणारा डीकंपायलर मी कोड लिहायच्या माझ्या एडिटरला जोडला. एक बटण दाबलं की तिथंच ओळी उघडायच्या. हे कळल्यावर त्याची बायको साखऱ्याहून आली आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसली. मी बटण दाबलं. मशीनचा पंखा घरघरला, पडदा ओळींनी भरला. ती म्हणाली, "कोडच्या मधी मधी ते लेकराबद्दल लिहायचे, मला वाचून दाखवायचे. तेवढं दाखवा, भाऊ." मी म्हणालो, "वहिनी, त्या ओळी मानसानं वाचायसाठी असतात. प्रोग्राम बनताना मशीन त्या टाकून देतं. त्या परत येत न्हाईत." तिने पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. कोडमधल्या गोष्टींना त्याने दिलेली नावंही गेली होती, जागोजागी नुसती अक्षरं आणि आकडे होते. "मंग हे त्यांनीच लिहिलं कशावरून?" तिने विचारलं. प्रोग्राम पुढे दुरुस्त झाला, व्यापाऱ्यांचं काम सुरू झालं. ती पुन्हा दुकानात आली नाही.