एका लॉकमध्ये दोन होड्या

इंग्लंडमधल्या हॅटनच्या टेकडीच्या पायथ्याशी डेस्मंड पार्जेटरची राहती होडी 'हेरन' तेरा दिवस एकाच खुंटाला बांधलेली होती, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. कालव्यावर फिरतं राहणाऱ्याने एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करायचा नाही, हा नियम. पण डेस्मंडला नियमाची गरजच पडत नसे. पाचव्या दिवशी शेजारच्या होडीवरून कुणीतरी नाव विचारायचं, सहाव्या दिवशी बिस्किटं घेऊन यायचं, आणि सातव्या दिवशी डेस्मंड गायब.

या वेळी मात्र तो थांबला होता. डिझेल विकत फिरणाऱ्या होडीवाल्याने बातमी दिली होती की ऑब्री आणि ग्लेनिस या जोडप्याची होडी 'थिसल' याच बाजूला येतेय, हॅटन चढणार आहे.

हॅटनला कालव्यावर एकवीस लॉक आहेत, दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, टेकडीला पायऱ्या घातल्यासारखे. खालचं दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावून पाणी भरायचं, पाण्याबरोबर होडी वर आली की पुढचं दार उघडायचं. असं एकवीसदा. लॉकची रुंदी अशी की दोन होड्या खेटून मावतात, म्हणून शहाणी माणसं जोडीने चढतात. पाणी निम्मं लागतं, हात दुप्पट मिळतात. एकट्याने चढायचं तर सुकाणू आपणच धरायचं, दोर आपणच ओढायचा, आणि चुकलं की शिव्याही आपणच आपल्याला द्यायच्या.

डेस्मंड कव्हेंट्रीच्या कारखान्यात फिटर होता. लग्न केलं नाही. चौपन्नाव्या वर्षी घर विकून होडी घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात एका लॉकमध्ये शेजारी 'थिसल' आली आणि ग्लेनिसने खिडकीतून ब्रेड पुडिंगची ताटली पुढे केली. ती अकरा वर्षं पुढे येतच राहिली. अकरा वर्षं दोन्ही होड्या जोडीने चढल्या आणि उतरल्या. मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ऑब्री कांद्याच्या रोपांवर पाऊण तास बोलला आणि डेस्मंडचा पारा चढला. "तुम्हा दोघांमुळे मला अकरा वर्षांत एक दिवस गप्प बसता आलेलं नाही," म्हणाला, आणि दोर सोडून उत्तरेला निघून गेला.

गप्प बसायला मिळालं. पोटभर मिळालं. पहिला हिवाळा मजेत गेला. दुसऱ्या हिवाळ्यात तो किटलीशी बोलू लागला, तिसऱ्यात त्यांचं भांडणही झालं. फोनवर ग्लेनिसचे निरोप यायचे. त्याने उत्तर दिलं नाही. आधी रागाने, मग उशीर झाला म्हणून, मग फारच उशीर झाला म्हणून.

आता त्याला एवढंच विचारायचं होतं: पुन्हा जोडीने चढू या का? तेरा दिवस तो या एका वाक्याचा सराव करत होता.

चौदाव्या दिवशी दुपारी वळणावर 'थिसल' दिसली. तिला चिकटूनच एक निळी होडी होती. नाव 'पर्ल'. सुकाणूवर लोकरीची टोपी घातलेली एक ठेंगणी बाई.

"ए म्हाताऱ्या!" ऑब्री लांबूनच ओरडला. "मेला नाहीस अजून?"

"तुझ्याआधी नाही मरायचा. नाहीतर माझ्या दफनाला तू भाषण करशील."

ग्लेनिसने उतरून आधी त्याला मिठी मारली, मग चाचपून पाहिलं. "वाळलास रे. खातोस काय?"

"डबाबंद."

"डबा उघडतोस तरी ना?"

मग तिने ओळख करून दिली. "ही मुरियल. वसंतापासून आमच्याबरोबर आहे. नवरा गेला, म्हटलं एकटी कुठे लॉक चढशील?"

मुरियलने हात पुढे केला. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. ऑब्री म्हणतात, दोर फेकावा तर डेस्मंडने."

मुरियल आगाऊ असती, कजाग असती, तर बरं झालं असतं. ती तशी नव्हती. 'थिसल'वर चहाला बसताना ती शेगडीजवळच्या कोपऱ्यातून उठली आणि म्हणाली, "ही तुमची जागा ना?" तो म्हणाला, "छे, बसा हो." मग तिने ऑब्रीच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घातली. ऑब्री बोलत होता, ग्लेनिस त्याचं बोलणं तोडत होती, डेस्मंड डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. दुपार खरंच छान गेली. पंचाईत तीच होती.

"मग? निघालास कुठे?" ऑब्रीने विचारलं.

सराव केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. लॉकमध्ये दोन होड्या मावतात, तीन नाही.

"खाली," डेस्मंड म्हणाला. "लेमिंग्टनला."

ऑब्रीने खिडकीतून बाहेर पाहिलं. 'हेरन'चं नाक सरळ लॉककडे होतं, आणि साठ फुटांची होडी काही सायकलसारखी जागच्या जागी वळत नाही. "उलटा जाणार?"

"वळवीन की पुढे."

"पुढे लॉक आहे."

"ऑब्री, केक खा," ग्लेनिस म्हणाली.

सकाळी डेस्मंड त्यांच्यासाठी पहिल्या लॉकचं दार ढकलायला गेला. 'थिसल' आणि 'पर्ल' आत शिरल्या, मध्ये बोटभर जागा. दार ज्या जाड तुळईने ढकलतात तिला त्याने पाठ लावली. ग्लेनिस येऊन त्याच्या शेजारी टेकली.

"लेमिंग्टनला काय आहे?"

"काही नाही." दार हळूहळू मिटत होतं. "चौदा दिवस तुमची वाट बघत होतो. जोडीने चढायला."

"ते कालच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणंच नको होतं ना तुला?" ती म्हणाली, पण लगेच तिने त्याच्या बाहीला हात लावला. "मुरियलचा खांदा निकामी आहे, डेस. तिला मागे टाकून तुला घेता येणार नाही."

"टाकू नकोस."

"मागून ये तू."

"येतो," डेस्मंड म्हणाला.

मागून येणं म्हणजे पुढच्यांनी भरून ठेवलेला प्रत्येक लॉक आधी रिकामा करणं. पहिल्या दोन लॉकना ग्लेनिसने परत येऊन त्याच्यासाठी पाणी सोडून ठेवलं. तिसऱ्याला तिचे गुडघे बोलू लागले आणि त्यानेच तिला हाताने खूण करून पुढे पाठवलं. पाचव्या लॉकपर्यंत ऑब्रीचे शब्द कळत होते. भोपळ्यांना खत किती घालावं, हा विषय होता. डेस्मंड पाण्याची झडप उघडायचं लोखंडी हँडल तसंच धरून ऐकत राहिला, त्यात दोन मिनिटं गेली. आठव्यापर्यंत नुसता आवाज येत होता, मध्येच मुरियलचं हसू. दहाव्या लॉकवर, त्याचं इंजिन सोडलं तर, काहीच ऐकू येईना.

तिथे कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली. "एकवीसच्या एकवीस एकट्याने? बाप रे!"

"एकटा नाही हो. माझी माणसं पुढे आहेत."

बाईने टेकडीच्या माथ्याकडे पाहिलं. पांढऱ्या टोकांच्या तुळया एकीवर एक वर गेलेल्या. "दिसत नाहीत कुणी."

"चार लॉक पुढे असतील," डेस्मंड म्हणाला, आणि पाणी सोडायला खालच्या दाराकडे गेला.